जुन्या बॅटरीतील शिसे : परत येणारे आणि न येणारे

पाठीवरच्या फवारणी पंपाला पूर्वी हाताने हापसण्याचा दांडा असे. आता बहुतेक गावांत त्या दांड्याच्या जागी १२ व्होल्टची बॅटरी आली आहे. ट्रॅक्टर, इन्व्हर्टर, रानडुकरांसाठी लावलेले सौर कुंपण, आमचे सौर प्रकाश सापळे या सर्वांच्या मुळाशीही बहुतांशी तीच शिसे-आम्ल बॅटरी असते. दोन-तीन हंगामांनंतर ती निकामी होते आणि भंगारात जाते. पुढे तिचे काय होते, हा प्रश्न शेतीशी संबंधित नाही असे मलाही बराच काळ वाटत होते.

कामानिमित्त मी बंगळुरूच्या पूर्वेकडील महादेवपुरा भागात राहते. संगणक कंपन्यांच्या या परिसरात वीज क्षणभर गेली तरी चालत नाही. त्यामुळे इमारतींच्या तळघरांत यूपीएस व इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या ओळीने मांडलेल्या असतात. गेल्या उन्हाळ्यात आमच्या वसाहतीतील लिफ्टच्या इन्व्हर्टरच्या आठ बॅटऱ्या बदलण्यात आल्या. जुना माल घ्यायला आलेल्या माणसाने वजन करण्यापूर्वी त्यांची झाकणे उघडली आणि आतील द्रव अंगणातील नारळाच्या आळ्यात ओतण्यास सुरुवात केली. मी खाली पोहोचेपर्यंत तिसरी बॅटरी रिकामी होत आली होती. काँक्रीटवर जेथे शिंतोडे उडाले होते तेथे बारीक फेस येत होता. हटकल्यावर तो शांतपणे म्हणाला, “पाणीच आहे, मॅडम.”

त्याचे म्हणणे पूर्णपणे चुकीचे नव्हते, आणि तेथूनच या बॅटरीचे रसायनशास्त्र समजून घेणे सोपे जाते.

भारित बॅटरीच्या प्रत्येक घटात एक पट्टी सच्छिद्र शिशाची, दुसरी शिसे डायऑक्साइडची आणि मध्ये सौम्य सल्फ्युरिक आम्ल असते. असा एक घट सुमारे २ व्होल्ट देतो; असे सहा घट जोडले की १२ व्होल्ट मिळतात. बॅटरी वापरली जात असताना दोन्ही पट्ट्यांवर शिसे सल्फेट तयार होते. आम्लातील सल्फेट पट्ट्यांवर जाऊन बसते आणि द्रवात पाणी वाढते. शब्दांत मांडायचे तर :

शिसे + शिसे डायऑक्साइड + सल्फ्युरिक आम्ल ⇌ शिसे सल्फेट + पाणी

पूर्ण भारित बॅटरीतील द्रवाचे विशिष्ट गुरुत्व १.२८ च्या आसपास असते. बॅटरी उतरली की ते १.१२ च्या जवळ येते. गॅरेजमधील कारागीर काचेच्या नळीतील तरंगता मापक बुडवून बॅटरीची अवस्था सांगतो ती याच फरकावरून. उतरलेल्या बॅटरीतील द्रव खरोखरच बऱ्याच अंशी पाणी झालेला असतो. मात्र उरलेले आम्ल सिमेंट खाण्यास पुरेसे असते आणि तळाशी साचलेला करडा गाळ हा पट्ट्यांवरून सुटलेल्या शिशाच्या संयुगांचा असतो. आमच्या नारळाच्या आळ्यात पाण्यासोबत तो गाळ गेला.

वरील समीकरणातील दुहेरी बाण महत्त्वाचा आहे. फ्रान्समधील गॅस्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये ही बॅटरी बनवली तेव्हा तिचे वेगळेपण यातच होते. बाहेरून उलट्या दिशेने वीज दिली की शिसे सल्फेटचे पुन्हा शिसे आणि शिसे डायऑक्साइड होते, आणि पाण्यात पुन्हा आम्ल तयार होते. शालेय पुस्तकांतील परिवर्तनीय बदलाचे इतके स्वच्छ आणि रोजच्या वापरातील उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

भांडे बंद असणे

परिवर्तनीय अभिक्रियेबाबत एक अट वर्गात घाईने सांगितली जाते आणि लगेच विसरली जाते. ती अशी की, तयार झालेले पदार्थ भांड्यातच राहिले पाहिजेत. चुन्याच्या भट्टीचे उदाहरण पाहू. चुनखडी तापवली की कळीचा चुना आणि कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतात. बंद भांड्यात हा वायू चुन्याशी पुन्हा संयोग पावत राहतो आणि काही वेळाने दोन्ही दिशांच्या क्रिया समान वेगाने चालू लागतात. यालाच रासायनिक समतोल म्हणतात. परंतु भट्टीला धुराडे असते. वायू निघून जातो, मागे फिरण्यासाठी काही उरतच नाही, आणि चुनखडी संपेपर्यंत क्रिया एकाच दिशेने जाते. भट्टी चालते ती धुराड्यामुळे.

बॅटरीचे प्लास्टिकचे खोके म्हणजे असे बिनधुराड्याचे भांडे. ते अखंड आहे तोपर्यंत शिसे शेकडो वेळा रूप बदलते, पण खोक्याबाहेर पडत नाही.

येथे शेतकऱ्यांच्या दृष्टीने उपयुक्त असा एक अपवाद नोंदवावा लागेल. बॅटरी उतरलेल्या अवस्थेत महिनोन्‌महिने पडून राहिली तर शिसे सल्फेटचे सूक्ष्म स्फटिक एकमेकांत मिसळून मोठे व टणक होतात. असे स्फटिक नंतर भारित करताना सहजासहजी मोडत नाहीत. यालाच सल्फेट धरणे म्हणतात. कागदावर परिवर्तनीय असलेली अभिक्रिया येथे व्यवहारात एकेरी होते. खरिपातील शेवटच्या फवारणीनंतर पंप तसाच कोपऱ्यात ठेवला आणि पुढच्या जूनमध्ये बॅटरी ‘धरत नाही’, ही तक्रार आमच्याकडे नेहमी येते. पंप ठेवण्यापूर्वी बॅटरी पूर्ण भारित करणे आणि वापर नसतानाही महिन्यातून एकदा भारित करणे, एवढ्याने तिचे आयुष्य पुष्कळ वाढते. भंगारात जाणारे शिसे कमी करण्याचा याहून स्वस्त मार्ग मला माहीत नाही.

धातुकापासून शिशापर्यंत

निसर्गात शिसे मुख्यतः गॅलेना या धातुकाच्या, म्हणजे शिसे सल्फाइडच्या रूपात आढळते. आपल्याकडे त्याच्या प्रमुख खाणी राजस्थानात झावर, राजपुरा-दरिबा आणि रामपुरा आगुचा येथे आहेत. दळलेल्या धातुकातील माती फेनतरणाने वेगळी करतात, मग ते हवेत भाजतात. गंधक वायुरूपाने निघून जाते व शिशाचे ऑक्साइड उरते. त्याचे कोळशाने क्षपण केले की धातू मिळतो. दहावीच्या धातुविज्ञानाच्या प्रकरणात जस्तासाठी दिलेला क्रमही जवळपास हाच आहे.

कोणता धातू कोणत्या मार्गाने मिळवायचा हे अभिक्रियाशीलता श्रेणी ठरवते. ॲल्युमिनियम श्रेणीत वर असल्याने नेहमीच्या भट्टीत कोळसा त्याचे क्षपण करू शकत नाही. त्याला विद्युत अपघटन लागते. कोल्हापूर जिल्ह्यातील दुर्गमानवाडच्या पठारावरील बॉक्साइट बेळगावच्या कारखान्यात जाते, तेथे त्यापासून ॲल्युमिना बनते. बायर पद्धतीत गरम कॉस्टिक सोड्यात विरघळलेले ॲल्युमिनियम द्रावण थंड करून त्यात स्फटिकांचे बी टाकल्यावर पुन्हा हायड्रॉक्साइड म्हणून खाली बसते. तीही परिवर्तनीय अभिक्रियाच. श्रेणीच्या दुसऱ्या टोकाला सोने आहे. महादेवपुऱ्याच्या पूर्वेस कोलारच्या खाणींतून २००१ पर्यंत ते काढले जात होते. ते धातुरूपातच असते, पण खडकात इतके विखुरलेले की दळलेला खडक सायनाइडच्या द्रावणात मुरवावा लागतो.

शिसे या दोहोंच्या मध्ये, लोखंडाच्या खाली येते. लोखंड शिशाला त्याच्या संयुगातून हुसकावू शकते, म्हणून शिशाच्या भट्टीत लोखंडाचा कीस टाकतात. गंधक लोखंडाकडे जाते आणि शिसे मोकळे होते. द्राक्ष बागायतदारांना ही विस्थापन अभिक्रिया वेगळ्या रूपात परिचित आहे. बोर्डो मिश्रण तयार झाल्यावर त्यात स्वच्छ विळा बुडवून पाहतात. पात्यावर तांबूस थर दिसला तर मोरचूद मोकळे आहे आणि चुना कमी पडला आहे, असे समजून चुन्याची निवळी वाढवतात. विळ्याचे लोखंड द्रावणात जाते आणि तांबे पात्यावर बसते.

पुनर्चक्रीकरणाचे अर्थशास्त्र याच रसायनात दडलेले आहे. धातुकातून धातू सोडवताना खर्च केलेली ऊर्जा त्या धातूत एक प्रकारे जमा असते. भंगार वितळवताना तो खर्च पुन्हा करावा लागत नाही. ॲल्युमिनियमच्या बाबतीत ही बचत सुमारे ९५ टक्के आहे. शिशाचा प्रश्न थोडा निराळा आहे. बॅटरीतील जाळ्या धातूच्या असतात, पण लेपातील सल्फेट व ऑक्साइडचे क्षपण पुन्हा करावेच लागते. तरीही शिसे कितीही वेळा वितळवले तरी त्याचा गुण कमी होत नाही. जगात वापरल्या जाणाऱ्या शिशापैकी तीन चतुर्थांशाहून अधिक शिसे बॅटऱ्यांत जाते आणि शुद्ध शिशाच्या जागतिक उत्पादनापैकी निम्म्याहून अधिक जुन्या मालातून येते. धातूंच्या पुनर्चक्रीकरणात शिशाइतके यश मोजक्याच धातूंना मिळाले आहे.

खोके फुटल्यावर

यशाची आकडेवारी परत आलेले शिसे मोजते. वाटेत सांडलेले तिच्यात दिसत नाही.

शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. लाकडाच्या चुलीवर लोखंडी कढईत ते पातळ होते. याच गुणामुळे हजारो वर्षांपूर्वी माणसाला ते गवसले, आणि याच गुणामुळे आज एखाद्या शेताच्या बांधावर, विटांच्या आडोशाला भट्टी लावता येते. व्यवस्थित कारखान्यात बॅटऱ्या यंत्राने फोडून आम्ल, प्लास्टिक, जाळ्या व लेप वेगळे केले जातात. लेपातील गंधक सोड्याने काढून मग तो बंद भट्टीत घालतात, आणि धूर कापडी गाळण्यांतून जातो. उघड्या भट्टीवर कुऱ्हाडीने खोके फुटते, आम्ल जमिनीवर सांडते, जाळ्या वितळतात, आणि लेपातील बरेचसे शिसे धुरात व राखेत जाते. चुन्याच्या भट्टीप्रमाणे येथेही भांड्याला धुराडे फुटलेले असते.

हे प्रमाण किती, याचा एक साधा हिशेब करता येईल. फवारणी पंपाची लहान बॅटरी दोन-अडीच किलोची असते. तिच्यातील शिसे दीड किलो धरू. शेतातील सामान्य मातीत शिशाचे नैसर्गिक प्रमाण किलोमागे साधारण १० ते ५० मिलिग्रॅम असते. दीड किलो शिसे १५ टन मातीत समप्रमाणात मिसळले तर प्रत्येक किलोत १०० मिलिग्रॅमची भर पडते. १५ सेंटिमीटरच्या नांगरट थरात हे सुमारे पाऊण गुंठा क्षेत्र झाले. एका बॅटरीचा हा हिशेब आहे, आणि बांधावरची भट्टी एका बॅटरीसाठी कोणी लावत नाही.

मातीत गेलेले शिसे तेथेच राहते. चिकणमाती, सेंद्रिय पदार्थ आणि फॉस्फेट यांना ते घट्ट धरते, त्यामुळे पावसाने खाली वाहून जात नाही. ते कुजत नाही, उडून जात नाही, सूक्ष्मजीवही त्याचे विघटन करू शकत नाहीत. याचा एक जुना पुरावा माझ्याच विषयाच्या इतिहासात आहे. पतंगांच्या अळ्यांवर उपाय म्हणून १८९२ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समध्ये लेड आर्सेनेट वापरात आले. पानांना चिकटून राहणारे आणि झाडाला न जाळणारे हे कीटकनाशक त्या काळी मोठी प्रगती मानली गेली. डीडीटी येईपर्यंत सफरचंदाच्या बागांत त्याच्या वर्षानुवर्षे फवारण्या झाल्या. अमेरिकेत त्याची नोंदणी १९८८ मध्ये संपुष्टात आली. फवारणी तर त्याआधीच थांबली होती. तरी त्या जुन्या बागांच्या जमिनींत वरच्या थरातच शिसे व आर्सेनिक आजही सापडते. बागा गेल्या, तेथे घरे व शाळा झाल्या, माती तीच राहिली. कीटकशास्त्राच्या अभ्यासक्रमात हे रसायन दोन ओळींत उरकले जाते. त्याला अधिक जागा मिळायला हवी.

पिकांच्या मुळांतून शिसे तुलनेने कमी वर चढते, ही त्यातल्या त्यात दिलाशाची बाब. मेथी, पालक, कोथिंबीर यांच्या पानांवर बसणारी धूळ आणि मुळा-गाजराला चिकटलेली माती हे अधिक मोठे मार्ग आहेत. बंगळुरूच्या बेळंदूर तलावाच्या पाण्यावर पिकणाऱ्या जमिनीतील व भाज्यांतील जड धातूंचा, शिशासह, अभ्यास २००६ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला होता. हा तलाव आणि त्याखालचा वर्तूर तलाव दोन्ही महादेवपुरा परिसरातच येतात. शहराचे सांडपाणी आणि भाजीचा मळा यांत किती कमी अंतर आहे, हे येथे राहताना रोज दिसते.

जनावरांना धोका अधिक थेट आहे. गाई-म्हशी, विशेषतः वासरे, फुटलेल्या बॅटरीच्या पट्ट्या चाटतात. अचानक आलेले अंधत्व, दात खाणे, झटके आणि मृत्यू असा क्रम दिसला तर पशुवैद्यकास गोठ्याभोवती कोठे जुनी बॅटरी पडली आहे का, हे आवर्जून सांगावे. पिसाळल्याचा संशय घेऊन वेळ गेल्याची उदाहरणे पशुवैद्यक मित्रांकडून ऐकली आहेत.

मुलांविषयीची आपल्या देशातील सुरुवातीची मोठी पाहणी बंगळुरूतूनच झाली. जॉर्ज फाउंडेशनने १९९० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईसह अनेक शहरांत रक्तातील शिसे तपासले. बारा वर्षांखालील निम्म्याहून अधिक मुलांत ते डेसिलिटरमागे १० मायक्रोग्रॅमच्या वर आढळले. २००० मध्ये देशभर शिसेविरहित पेट्रोल आले, त्यामागे अशा अभ्यासांचा वाटा होता. येथील सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. थुप्पिल वेंकटेश यांनी शिसे-विषबाधेसाठी राष्ट्रीय संदर्भ केंद्र उभे केले. पेट्रोलमधील शिसे गेले, बॅटऱ्यांतील वाढले. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालानुसार जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसे आहे, आणि त्यांतील सुमारे २७.५ कोटी भारतात आहेत. त्याची सुरक्षित पातळी ज्ञात नाही. शरीर शिशाला कॅल्शियम समजून हाडांत साठवते. मेंदूवर झालेला परिणाम नंतर भरून येत नाही.

धूळ किती दूर जाते हे मधमाश्या चांगले सांगतात. माशी काही किलोमीटरच्या परिसरातील फुले, पाणी व धूळ अंगावर घेऊन पोळ्यात येते. एप्रिल २०१९ मध्ये पॅरिसच्या नोत्र-दाम चर्चचे शिशाचे छत जळाले. त्यानंतर धुराच्या वाऱ्याखाली असलेल्या पोळ्यांतील मधात शिशाचे प्रमाण वाढलेले आढळले. मध खाण्यास सुरक्षितच होता, पण धूर कोठून गेला हे पोळ्यांनी नोंदवून ठेवले होते. भंगार वस्त्यांभोवती असे सर्वेक्षण आपल्याकडे करणे अवघड नाही.

काय करता येईल

बॅटरी अखंड ठेवणे हे पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे काम आहे. झाकणे उघडू नयेत, आम्ल ओतू नये, उभी ठेवून सावलीत साठवावी, जनावरांच्या व मुलांच्या वाटेत नसावी. नवी घेताना जुनी विक्रेत्याकडेच द्यावी आणि बिलावर तिची नोंद घ्यावी. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि पुनर्चक्रीकरण करणाऱ्यांना नोंदणी बंधनकारक आहे. शेतकरी उत्पादक कंपन्या व सोसायट्यांनी गावातील बॅटऱ्या एकत्र करून नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याला दिल्या तर भावही बरा मिळतो. उघड्यावर फोडणारा अनेकदा चार पैसे जास्त देतो हे खरे आहे, कारण गाळण्यांचा आणि आम्लाच्या विल्हेवाटीचा खर्च त्याच्या हिशेबात नसतो.

जेथे पूर्वी बॅटऱ्या फुटल्या आहेत अशी शंका असेल तेथे पालेभाज्या व कंदमुळे घेऊ नयेत. मातीचे दोन नमुने काढावेत : एक वरच्या ५ सेंटिमीटरचा, दुसरा १५ सेंटिमीटरपर्यंतचा. नेहमीच्या माती परीक्षणात शिसे मोजले जात नाही. ते स्वतंत्रपणे मागावे लागते. आम्लधर्मी जमिनीत चुना, तसेच स्फुरद आणि भरपूर शेणखत दिल्याने शिसे अधिक घट्ट बांधले जाते व पिकाला कमी उपलब्ध होते. ते कमी मात्र होत नाही. शिसे शोषून घेणारी झाडे लावून जमीन स्वच्छ करण्याची कल्पना आकर्षक असली, तरी शिशाच्या बाबतीत तिला फार वर्षे लागतात. तिच्या भरवशावर कोणी राहू नये.

आमच्या उरलेल्या पाच बॅटऱ्या झाकणे लावून विक्रेत्याकडे गेल्या. किलोमागे दर थोडा कमी मिळाला, आणि त्यावरून सोसायटीच्या बैठकीत मला दोन प्रश्नही विचारण्यात आले. नारळाच्या आळ्यातील वीतभर माती खरवडून जाड प्लास्टिकच्या दोन पोत्यांत भरली. विक्रेता ती घेत नाही, कचरा गाडीवर ती देता येत नाही, आणि धोकादायक कचऱ्याच्या विल्हेवाटीसाठी दोन पोत्यांकरिता कोणी येत नाही. पोती अजून तळघरात, नव्या बॅटऱ्यांच्या शेजारीच ठेवलेली आहेत.